कै. दातीर सर, आत्ता हजर

संकेतस्थळाचा व्यवस्थापक नेमकं करतो काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते पाहुण्यांना सांगायचे, "जावई कॉलेजात कॉम्प्युटर लॅबला आहेत, आणि घरी आल्यावर फुकटचं काम करतात." व्याख्या म्हणून ही काही वाईट नाही. लॅबची नोकरी पोटासाठी होती. फुकटचं काम मात्र मी पंधरा वर्षं जीव लावून केलं आणि आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

संगणकावर मराठी लिहिणं ही एके काळी मोठी यातायात होती, हे आता मोबाइलवर सरसर मराठी हाणणाऱ्या पोरांना सांगून पटत नाही. आम्ही काही जणांनी मिळून मराठी लिहायचा एक छोटा प्रोग्रॅम केला होता. तो ओपन सोर्स होता, म्हणजे पदार्थाबरोबर त्याची कृतीही वाटून टाकायची. ज्याला हवं त्यानं मीठ कमी करावं, तिखट वाढवावं, आणि सुधारलेली कृती पुन्हा सगळ्यांना द्यावी. हा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला एक संकेतस्थळ होतं आणि त्यावर अडचणी मांडायला, भांडायला, क्वचित आभार मानायला एक चर्चेचा कट्टा होता. तो कट्टा झाडून-पुसून ठेवणारा माणूस म्हणजे व्यवस्थापक.

आमची गिऱ्हाइकंही एकेक होती. दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार फोनवर ओरडले होते, "साहेब, फवारणीचं सगळं वेळापत्रक चौकोन चौकोन दिसायला लागलंय! आता मी बागेवर काय फवारू, चौकोन?" इगतपुरीकडच्या एका ग्रामसेवकानं तर बिघाड दाखवायला अख्खा संगणक खताच्या गोणीत गुंडाळून एसटीनं मांडीवर आणला होता. बाहेर धो धो पाऊस. माणूस चिंब, संगणक कोरडा. त्याचं काम पाच मिनिटांत झालं, पण त्याला वाळवायला दोन तास लागले.

असं सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. एक गोष्ट सोडून.

ती सांगायची तर आधी दातीर सर सांगायला हवेत. रविवार कारंजाजवळ, एका जिन्याखाली त्यांचा मराठी-इंग्रजी टायपिंगचा क्लास होता. मी आणि अनंता, आम्ही दोघंही त्यांचे विद्यार्थी. अनंता नाशिक रोडच्या पुढचा, घरची फुलांची शेती. तो सायकलच्या कॅरिअरवर झेंडूची पाटी आणायचा, ती बाजारात टाकायचा आणि मग क्लासला यायचा. सरांचा प्रत्येक तास एकाच ओळीनं सुरू व्हायचा. प्रत्येकानं ती आधी पाच वेळा टाइप करायची: "घड्याळाकडे बघू नका, बोटांकडे बघू नका, कागदाकडे बघा." दोन वर्षं रोज हे केल्यावर ती ओळ आमच्या डोक्यात उरलीच नव्हती, बोटांत गेली होती.

पुढे संगणक आले. प्रोग्रॅम आम्ही तिघांनी मिळून सुरू केला, त्याचं नाव "दौत". सर साठीला टेकले होते, तरी सकाळच्या बॅचेस संपवून अकराच्या सुमाराला आपल्या एकुलत्या एक संगणकापुढे बसत आणि नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत. मग माझं आणि अनंताचं वाजलं. तो म्हणे, टाइपरायटरचीच मांडणी ठेवायची. मी म्हणे, जसं बोलतो तसं टाइप करता आलं पाहिजे. ओपन सोर्समध्ये वाटणीसाठी कोर्टात जावं लागत नाही, वेगळं निघणाऱ्यालाही अख्खं घर मिळतं. मी दौतीची सगळी कृती उचलली, माझ्या पद्धतीनं बदलली आणि "वळण" नावानं वेगळी चूल मांडली. जानेवारीत दोघांनी आपापले नवे कट्टे उघडले. दोन्हीकडच्या देखरेखवाल्यांत सामाईक माणूस एकच होता, दातीर सर. त्यांना दोन्ही घरी सारखंच जेवण मिळायचं.

लोक मात्र दौतीकडेच जात राहिले. ती चांगली होती, हे आज लिहायला काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी एक घाण केली. दौतीच्या कट्ट्यावर खोट्या नावानं खातं उघडलं, "एक शिक्षिका, सटाणा". आणि लिहिलं, की दौत वापरल्यानं आमच्या शाळेच्या सहामाहीच्या गुणांची सगळी पत्रकं पुसली गेली, मुलांचं नुकसान झालं, कृपया कोणी हा प्रोग्रॅम शाळेत वापरू नये. सगळं धादांत खोटं.

परिणाम झाला. शाळा बिचकल्या, दौत सोडून वळणकडे आल्या. अनंता नसलेला बिघाड महिनाभर शोधत बसला. पुढचं मला सरांनीच सांगितलं, लॅबबाहेरच्या टपरीवर चहा पिताना.

"अनंताला घेऊन सटाण्याला जाऊन आलो. बाईंची माफी मागावी म्हणून. तीन शाळा फिरलो. एका शाळेचा शिपाई म्हणाला, आठे अशी कोनी बाई नही शे." सरांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. "तुला काही अंदाज?"

"नाही सर," मी म्हणालो.

सर पुन्हा कधीच त्याबद्दल बोलले नाहीत. काही वर्षांनी, ऐन वैशाखात, ते गेले. मूलबाळ नव्हतं. काकू भाचीकडे इंदूरला गेल्या. आमच्या कट्ट्यावरचं सरांचं खातं पुसायचा धीर कोणाला झाला नाही. मी फक्त त्यांच्या नावाआधी एक अक्षर जोडलं. सभासदांच्या यादीत ते "कै. दातीर सर" झाले.

त्याच वर्षी भाद्रपदात दौत फोडली गेली. सकाळी लॅब उघडून मी सवयीनं दौतीचं पान बघायला गेलो, तर पान काळं होतं आणि मधोमध इंग्रजीत दोन ओळींची शेखी. प्रोग्रॅम गेला नव्हता, तो शेकडो लोकांच्या संगणकांवर होताच. गेला तो कट्टा. कितीतरी वर्षांचे प्रश्न, उत्तरं, भांडणं, सरांनी एकेका नवशिक्याला समजावून लिहिलेली पानंच्या पानं. अनंतानं राखीव प्रत ठेवली होती, पण ती त्याच यंत्रावर, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच.

मला वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तासाभरात मी वळणच्या पहिल्या पानावर ठळक सूचना लावली: "आमच्याकडे सर्व काही सुरक्षित आहे. या." दौतीची माणसं खरोखरच आली. चार दिवस आमच्या कट्ट्यावर जत्रा होती.

पितृपक्षातली तृतीया होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी लॅबमधून सहज कट्टा उघडला. कोण सभासद या क्षणी आलेला आहे, हे दाखवायला आम्ही नावापुढे एक हिरवा ठिपका लावायचो आणि शेजारी दोन शब्द. त्या दिवशी यादीत सगळ्यात वर होतं:

कै. दातीर सर. आत्ता हजर.

पुढच्या क्षणी कट्ट्यावर मजकूर उमटायला लागला. दौतीच्या पुसल्या गेलेल्या कट्ट्याचा पहिला महिना. ज्यानं जे लिहिलं होतं ते त्याच्या नावासह, तारखेसह, जसंच्या तसं. जानेवारीतलं शेवटचं वाक्य आलं आणि ठिपका विझला. दुसऱ्या दिवशी अकरा-पाचला फेब्रुवारी. तिसऱ्या दिवशी मार्च.

धंदा कळणाऱ्या माणसाला यात भूत दिसत नाही, फुटलेलं कुलूप दिसतं. ते कसं फुटलं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पासवर्ड ठेवायची वेळ आली होती तेव्हा मी एक युक्ती काढली होती. कीबोर्ड इंग्रजीतच ठेवायचा आणि बोटांनी मराठी टाइपरायटरच्या सवयीनं "घड्याळाकडे" मारायचं. इंग्रजी अक्षरांचा असा काही लगदा तयार व्हायचा की जगातल्या कुठल्या चोराला सुचू नये. त्या दिवशी मी देखरेखवाल्या चौघांना एकेक करून विचारलं. चौघंही सरांचे विद्यार्थी. चौघांचाही तोच लगदा, आणि तो आपल्या एकट्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटत होतं. सरांचाही अर्थात तोच. दौत फोडणाऱ्याच्या हाती जी किल्ली लागली होती, तीच आमच्याही दाराला लागत होती.

असं झालं की व्यवस्थापकानं काय करायचं, हे मी लॅबमध्ये दर वर्षी मुलांना शिकवायचो. दार बंद करायचं आणि सगळ्यांना सांगायचं की आपल्याकडे कोणी शिरलंय. मी फक्त प्रोग्रॅमची फाइल जुन्या सीडीवरच्या प्रतीशी ताडून पाहिली. त्यात काही बदल नव्हता. मग सगळे पासवर्ड बदलले, सरांच्या खात्याला कुलूप घातलं, आणि गप्प बसलो. "सर्व काही सुरक्षित आहे" ही पाटी पहिल्या पानावर तशीच होती ना.

दुसऱ्या दिवशी अकरा-पाचला ठिपका लागला. एप्रिल आला. मी नोंदवही तपासली. संकेतस्थळावर कोणी काय केलं ते यंत्र ओळीनं लिहून ठेवतं, तिला आम्ही नोंदवही म्हणायचो. त्यात लिहिलं होतं, की अकरा वाजून चार मिनिटांनी सरांच्या खात्याचं कुलूप "विलास" यानं काढलं.

विलास म्हणजे मी. त्या मिनिटाला मी फळ्यापुढे चाळीस मुलांना प्रॅक्टिकल समजावत उभा होतो.

कट्ट्यावर मात्र आनंदीआनंद होता. दौतीची माणसं आपली जुनी पानं ओळखून हरखत होती. कोणीतरी लिहिलं, सर गेले तरी काम सोडत नाहीत. त्यावर एक जण म्हणाला, पितृपक्ष आहे, जपून बोला. त्या संध्याकाळी फोन वाजला. वाटणीनंतर पहिल्यांदाच अनंताचा आवाज.

"विलास, बघतोय मी रोज. सगळं परत येतंय. कसं आणतोयस ते नाय विचारत. पण बरं केलंस. लय बरं केलंस."

मी म्हणालो, "जेवढं होईल तेवढं बघू." यात मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेलो. रोज एक महिना. माझी सटाण्याची शिक्षिका होती दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे बाविसाव्या महिन्यात. बोटानं दिवस मोजत गेलो. बोट खंडेनवमीवर थांबलं.

पुढचे अठरा दिवस मी काय खाल्लं, कोणाशी काय बोललो, आठवत नाही. एका सकाळी रजा टाकून रविवार कारंजावर गेलो. सरांच्या क्लासचं शटर खाली होतं, कुलपाला गंज चढला होता. शेजारच्या फरसाणवाल्यानं ओळखलं. "सरांचा कॉम्प्युटर? तो केव्हाच भंगारात दिला की. फोनची लाइनपण कापली. आत फक्त लाकडी टेबलं आहेत." अकरा वाजून पाच मिनिटांनी मी त्या शटरपुढे उभा राहून घरी सुमनला, माझ्या बायकोला, फोन लावला.

"कट्टा उघड. सरांचा ठिपका लागलाय का बघ."

"लागलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही कुठे आहात? मला भीती वाटते, घरी या."

आतून काही आवाज येत नव्हता. तरी मी शटरला कान लावला. फरसाणवाला बघत होता.

संपूर्ण संकेतस्थळ बंद करून टाकणं माझ्या हातात होतं. तीन वेळा त्या बटणापर्यंत गेलो. बंद केलं तर उरलेली सगळी पानं जाणार, अनंताला कारण सांगावं लागणार. चालू ठेवलं तर बाविसावा महिना येणार. त्या पानाखाली माझं नाव नव्हतं, कोणाला कळलंच नसतं. पण ज्याच्या हाती दौतीची सगळी माहिती होती, त्याच्या हाती ते खोटं खातं कुठल्या संगणकावरून उघडलं होतं हेही होतं. आणि मी खोटं कशाला बोलू, मला त्या चोराची भीती नव्हती. मला त्या नावाची भीती होती. पंधरा मिनिटं उशीर झाला तरी वर्गाबाहेर उभं करणारा माणूस रोज अकरा वाजून पाच मिनिटांनी, एक दिवस न चुकता, एकेक महिना माझ्याकडे चालत येत होता.

खंडेनवमीला सकाळी मी नाशिक रोडची बस धरली. अनंताच्या अंगणात दसऱ्याच्या झेंडूचा ढीग कमरेएवढा होता. त्याची आई ढिगापाशी बसून माळा करत होती.

"आं? इलास हाय का?" तिनं डोळ्यांवर हात धरला. "लय वर्सांनी आलास रं बाबा. भांडून बसले दोघं, आन् म्हातारीला तोंड नाय दाखवायचं व्हय? बस, च्या टाकते."

आत ओट्यावर कोयता, फवारणीचा पंप, खुरपी, पान्हे ओळीनं मांडले होते, सगळ्यांना हळदकुंकू. शेवटी अनंताचा संगणक. कीबोर्डवर झेंडूची माळ. खंडेनवमीला हत्याराला विश्रांती, त्या दिवशी ते चालवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. अनंता मला बघून हसला. केस पांढरे झाले होते त्याचे.

चहा झाला. फुलांचा भाव झाला, पाऊस झाला. दहा-पंचावन्न झाले. जे सांगायला आलो होतो तेवढं सोडून सगळं बोलून झालं. अकराला अनंता उठला, संगणकाला नमस्कार केला आणि तो चालू केला.

"आज हत्याराला सुट्टी ना?" मी विचारलं.

"आजचा महिना बघायलाच पायजे," तो म्हणाला.

अकरा-पाच. ठिपका लागला. कै. दातीर सर, आत्ता हजर. ऑक्टोबरची पहिली ओळ उमटली.

"अनंता," मी म्हणालो, "यात ती सटाण्याची बाई येईल."

"येईल."

"ती बाई मी होतो."

तो पडद्याकडेच बघत होता. "माहितीये," म्हणाला.

आणि ते आलं. माझा खोटारडा मजकूर, शब्दन् शब्द. पण खाली आणखी काही ओळी होत्या, ज्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. देखरेख करणाऱ्यांना एखाद्या मजकुराखाली आपसांत टिपण लिहिता यायचं, ते बाकी कोणाला दिसायचं नाही. ते दौतीच्या पोटातलं टिपण मजकुराबरोबर बाहेर आलं होतं:

"सटाण्याला जाऊन आलो. अशा बाई नाहीत. लिहिणारा हात माझ्या क्लासमधला आहे, ओळखला. मजकूर काढू नये. तो स्वतः येऊन सांगेल. — दातीर"

"मी तवाच वाचलं होतं हे," अनंता म्हणाला. "सरांना विचारलं, कोण? ते म्हणाले, येईल तो. मी वळखलं, पण थांबलो. सर गेले, तू काय आला नाय. मग ही पानं यायला लागली. रोज एक महिना, सरांच्या नावानं, सरांच्या टायमाला. मला वाटलं, तूच टाकतोयस. सगळी एकदम नाय टाकली, तर एकेक महिना चालत, सोताच्या पायानं त्या पानापर्यंत येतोयस. म्हणून तर फोन केला तुला. लय बरं वाटलं होतं रे मला."

ती बाई मी होतो हे म्हणायला मला सात वर्षं लागली होती. पण त्याहून अवघड वाक्य अजून बाकी होतं. ते जर गिळलं असतं, तर अनंतानं मला त्या क्षणी मिठीच मारली असती.

"ते मी नाही, अनंता," मी म्हणालो. "मी काहीच आणलं नाही. कोण टाकतंय मला माहीत नाही. मी तर हे थांबवायला बघत होतो."

तो माझ्याकडे वळला. मग आम्ही दोघांनीही एकदम पडद्याकडे पाहिलं. ऑक्टोबर संपला होता. रोज महिना संपला की ठिपका लगेच विझायचा. आज तो विझला नव्हता. हिरवा, स्थिर. बाहेर आई सुईत दोरा ओवत काहीतरी पुटपुटत होती, तेवढाच आवाज.

अनंतानं कीबोर्डवरची माळ दोन्ही हातांनी उचलली, बाजूला ठेवली आणि सरांच्या टिपणाखाली बोटांकडे न बघता लिहिलं:

"सर, आला. सांगितलं."

ठिपका विझला.

मी त्याच दुपारी ती ठळक पाटी काढली आणि सगळ्यांना खरं काय ते लिहून कळवलं, सटाण्यासकट. ज्यांच्या यंत्रावर आमची जागा भाड्यानं होती त्या कंपनीनं पुढच्या महिन्यात सांगितलं, की कट्ट्याच्या प्रोग्रॅममध्येच एक भोक होतं, दौतीच्याही आणि आमच्याही, कोणीही त्यातून शिरू शकत होतं. ते त्यांनी बुजवलं. कोणी शिरलं होतं, आणि त्याला आमच्या दातीर सरांचं वेळापत्रक कोणी सांगितलं, हे त्यांनाही कळलं नाही.

नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी घरी पडद्यापुढे बसलो होतो, नाशिक रोडला अनंता बसला होता, फोन दोघांच्याही कानाला होता. तेविसावा महिना आला नाही.